धर्माची गाय आणि तिचे दात

‘धर्माची गाय अन् दात का गं नाय’ ही म्हण ज्या कोणा चिकित्सक बाईला उद्देशून प्रथम उच्चारली गेली असेल, ती बाई अद्याप हयात आहे असे मला वाटते. दानात मिळालेल्या गाईच्या जबड्यात बोट घालून दात मोजण्याचा तिचा परिपाठ चालूच आहे. फक्त गोठ्याऐवजी ती आता संगणकासमोर बसते आणि गाईच्या जागी तिच्यापुढे असते एखादी मोफत मिळालेली आज्ञावली. दात कमी भरले की ती पाचांपैकी एक तारा देते आणि खाली चार ओळींचा अभिप्राय लिहिते. त्या चार ओळींविषयी मला येथे काही सांगावयाचे आहे. परंतु दातांकडे वळण्यापूर्वी गाय कोणाची, ती दानात का दिली गेली आणि देणाऱ्याच्या घरी चूल कशी पेटते, हे पाहणे न्यायाचे होईल.

प्रथम शब्दांविषयी. मोबदला न घेता मिळालेले आणि बंधनातून सुटलेले, या दोन्ही अर्थांना इंग्रजीत एकच शब्द आहे, आणि त्या एका शब्दाने संगणकाच्या जगात चाळीस वर्षांहून अधिक काळ घोटाळा माजविला आहे. मराठी या बाबतीत भाग्यवान. आपल्याकडे ‘मुक्त’ वेगळे, ‘मोफत’ वेगळे आणि ‘फुकट’ तर त्याहूनही वेगळे. मुक्त या शब्दात प्रतिष्ठा आहे, मोफत या शब्दात सोय आहे आणि फुकट या शब्दात देणाऱ्याविषयीची किंचित तुच्छता आहे. एकच वस्तू देणाऱ्याने मुक्त म्हणून द्यावी, आपण ती मोफत म्हणून घ्यावी आणि वापरून झाल्यावर फुकट म्हणून हिणवावी, असा प्रवास पुष्कळदा घडतो.

मुक्ततेची ही कल्पना कोठून आली, ते सांगतो. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेच्या प्रयोगशाळेला एका बड्या कंपनीने लेसर मुद्रणयंत्र भेट दिले. यंत्र उत्तम होते, पण त्यात कागद अडकत असे. रिचर्ड स्टॉलमन या तेथील तरुण आज्ञावलीकाराने पूर्वीच्या यंत्राच्या वेळी अशी सुधारणा केली होती की, कागद अडकताच वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर सूचना उमटावी. नव्या यंत्रासाठी त्याला तेच करावयाचे होते. परंतु यंत्राबरोबर मूळ संहिता आली नव्हती. मूळ संहिता म्हणजे माणसाला वाचता येईल अशा रूपातील आज्ञावली. गृहिणींच्या भाषेत सांगायचे तर ती पाककृती होय. आपल्या हाती एरवी येतो तो केवळ शिजलेला पदार्थ. दुसऱ्या विद्यापीठातील एका संशोधकाकडे ती संहिता होती. स्टॉलमन त्याच्याकडे गेला, तेव्हा ती कोणालाही न देण्याचे आपण कंपनीला लिहून दिले आहे, असे त्या संशोधकाने सांगितले. शेजाऱ्याला मदत न करण्याचे वचन कोणी परक्याला आगाऊच देऊन बसावे, ही गोष्ट स्टॉलमनच्या मनाला लागली. तो स्वतःला नास्तिक म्हणवितो; तरी त्याचा हा संताप शेजारधर्माचाच होता, असे म्हणावयास मला संकोच वाटत नाही.

१९८३ साली त्याने ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला, १९८५ साली ‘फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन’ ही संस्था स्थापन केली आणि १९८९ साली ‘जनरल पब्लिक लायसन्स’ हा परवाना सिद्ध केला. त्याची दुसरी आवृत्ती जून १९९१ मध्ये निघाली. या परवान्याने घेणाऱ्याला चार गोष्टींची मुभा मिळते: आज्ञावली हव्या त्या कामासाठी चालवावी, तिची मूळ संहिता वाचावी, तीत बदल करावा आणि मूळ किंवा बदललेली प्रत दुसऱ्याला द्यावी. ती विकण्यासही मनाई नाही. खुद्द स्टॉलमन सुरुवातीच्या दिवसांत आपल्या ‘ईमॅक्स’ या आज्ञावलीच्या फिती प्रत्येकी १५० डॉलरला विकीत असे आणि त्यावर गुजराण करी. अट एवढीच की, जी मोकळीक तुला मिळाली, तीच तू पुढच्याला नाकारू नकोस. संत मत्तयच्या अठराव्या अध्यायातील तो निर्दय चाकर आपणांस ठाऊक आहे. धन्याने त्याचे प्रचंड कर्ज माफ केले आणि बाहेर पडताच त्याने किरकोळ देण्यासाठी सोबत्याचा गळा धरला. त्या चाकराला आळा घालणारे कलम वकिली भाषेत लिहावयाचे झाले असते, तर ते या परवान्यासारखेच दिसले असते.

एक योगायोग सांगण्याचा मोह आवरत नाही. कामगाराच्या न्याय्य वेतनाविषयीचे ‘रेरुम नोव्हारुम’ हे पोप तेरावे लिओ यांचे परिपत्रक १५ मे १८९१ चे. त्याच्या शताब्दीनिमित्त पोप दुसरे जॉन पॉल यांनी मे १९९१ मध्ये ‘सेन्तेसिमुस आन्नुस’ लिहिले आणि त्यात, जमिनीइतकीच महत्त्वाची अशी एक नवी मालमत्ता आता ज्ञान, तंत्र आणि कौशल्य यांच्या रूपाने उदयास आली आहे, असे सांगितले. पुढच्याच महिन्यात उपरोक्त परवान्याची दुसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली. रोमला बोस्टनची खबर नव्हती आणि बोस्टनला रोमची. पण प्रश्न एकच होता. ज्ञानरूपी मालमत्ता सर्वांची असावी, तर ती निर्माण करणाऱ्याने खावे काय?

नकलण्याची मोकळीक ही गोष्ट आपल्यालाही नवीन नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, पुढे १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापले गेले. पण त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १९०७ साली मंगळूर येथे जे. एल. सालढाणा यांनी ते पुन्हा छापले, ते हस्तलिखितांवरून. म्हणजे छापखान्याने जे गमावले, ते समईच्या उजेडात बसून नकला करणाऱ्या अनामिकांनी राखले. त्यांच्यापैकी कोणीही मुद्रणहक्काची चौकशी केली नव्हती. याउलट १९९० च्या दशकात आपल्या कित्येक धर्मग्रामांनी काढलेल्या स्मरणिका ज्या खासगी अक्षरसंचांत जुळविल्या गेल्या, ते संच आता चालत नाहीत आणि त्या फायली उघडल्या तर पडद्यावर केवळ चित्रविचित्र खुणा दिसतात. चारशे वर्षांपूर्वीचे ओवीबद्ध पुराण आपण वाचू शकतो, तीस वर्षांपूर्वीची फाईल वाचू शकत नाही! आज मात्र मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने घडविलेला ‘मुक्त’ हा देवनागरी अक्षरसंच कोणीही विनामूल्य वापरू शकतो. तो ज्या ‘ओपन फॉन्ट लायसन्स’खाली दिलेला आहे, तो परवाना बायबलच्या भाषांतरकार्यातून वाढलेल्या ‘एस.आय.एल.’ या ख्रिस्ती संस्थेने तयार केला. लहान भाषांना अक्षरे मिळावीत, एवढ्यासाठी.

आता मूळ विषयाकडे येऊ. आज जगातील दर दहा संकेतस्थळांपैकी सुमारे चार ‘वर्डप्रेस’ या आज्ञावलीवर चालतात. धर्मग्रामांची आणि धर्मप्रांतांची संकेतस्थळेही बहुधा याच वर्गातील. ही आज्ञावली म्हणजे एका सोडून दिलेल्या शेताची मशागत होय. मिशेल वाल्द्रिगी या फ्रेंच आज्ञावलीकाराने ‘बी-टू’ नावाची आज्ञावली लिहिली होती. तिची देखभाल थांबली, तेव्हा १९ वर्षांचा अमेरिकन तरुण मॅट मुलेनवेग आणि इंग्लंडचा माइक लिटल यांनी तीच संहिता पुढे नेली आणि २७ मे २००३ रोजी ‘वर्डप्रेस’ प्रसिद्ध केली. परवाना मुक्त होता म्हणूनच हे शक्य झाले. नाही तर ते शेत तसेच पडीक राहिले असते.

या मुख्य आज्ञावलीला निरनिराळ्या कामांसाठी पूरक भाग जोडता येतात. त्यांना ‘प्लगिन’ म्हणतात. कोणाला संकेतस्थळावर देणगी स्वीकारावयाची असते, कोणाला छायाचित्रांचे दालन हवे असते, कोणाला दिनदर्शिका. वर्डप्रेसच्या अधिकृत सूचीत असे साठ हजारांच्या आसपास प्लगिन मोफत मिळतात आणि त्या सर्वांचा परवाना मुक्तच असावा लागतो. परंतु यांतील पुष्कळांचे मोठे भावंड सूचीबाहेर विकत मिळते. साधा भाग मोफत, विशेष भाग सशुल्क, या पद्धतीला ‘फ्रीमियम’ असे एक धेडगुजरी नाव पडले आहे. शब्द कानाला गोड नाही, पण सोय समजण्यासारखी आहे. दहा हजार लोकांनी मोफत भाग वापरावा, शे-दोनशे जणांनी विशेष भागासाठी वार्षिक वर्गणी भरावी आणि त्या वर्गणीवर सर्वांसाठी दुरुस्त्या होत राहाव्यात.

सूचीचे नियम या बाबतीत वाचनीय आहेत. मोफत म्हणून दिलेल्या प्लगिनमध्ये कुलूप लावलेली खोली ठेवून किल्लीसाठी पैसे मागता येत नाहीत. पंधरा दिवस चालून मग बंद पडणारा नमुनाही देता येत नाही. जे दिले ते पूर्ण दिले पाहिजे. विकावयाचे ते वेगळे करून वेगळ्या दाराने विकावे. त्याची जाहिरात करावी, पण वापरणाऱ्याचा पडदा जाहिरातींनी बळकावू नये. पैसे देऊन वा खोट्या नावांनी अभिप्राय लिहून घेण्यासही मनाई आहे. हे नियम करणाऱ्यांनी धर्मशास्त्र वाचले नसेल. पण दान आणि विक्री यांची एकमेकांत सरमिसळ झाली की दोन्ही विटाळतात, हे त्यांना उमगले होते.

आम्हां धर्मगुरूंना हा प्रश्न परका नाही. मिस्सेला किंमत नाही; तरी मिस्साहेतूसाठी भाविक अर्पण देतात आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्या धर्मगुरूंचा निर्वाह झाला आहे. १९८३ च्या धर्मविधानातील ९४७ वा नियम सांगतो की, या अर्पणात व्यापाराचा आभाससुद्धा नसावा. आणि ८४८ वा नियम सांगतो की, गरिबीपायी कोणी संस्कारांना वंचित होऊ नये. सेमिनरीत आमचे प्राध्यापक या दोन नियमांमधील तारेवरून आम्हांला तासन्‌तास चालवीत. खरे तर ही तार पवित्र शास्त्रातच ताणलेली आहे. संत मत्तयच्या दहाव्या अध्यायात प्रभू येशू बारा जणांना पाठविताना सांगतो की, तुम्हांला विनामूल्य मिळाले आहे ते विनामूल्य द्या. आणि दोनच वचने पुढे, काम करणारा आपल्या पोटापाण्याला पात्र आहे असेही सांगतो. पहिले वचन सर्वांना पाठ असते. दुसऱ्याची आठवण सहसा काम करणाऱ्यालाच असते. संत लूकने दुसऱ्या वचनात ‘अन्न’ऐवजी ‘मजुरी’ म्हटले आहे, ही गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आता ज्याने मोफत भाग वापरला आणि सशुल्क भाग घेतला नाही, त्याने काम करणाऱ्याला मजुरी कोणत्या रूपाने द्यावी? पैशाच्या रूपाने द्यावी असे कोणी म्हणत नाही. परवान्याने त्याला त्यातून मुक्त केलेलेच आहे. परंतु त्याच्यापाशी एक नाणे उरते, ते म्हणजे साक्ष. तारे आणि अभिप्राय पाहूनच पुढचा माणूस प्लगिन घेतो. त्या पुढच्यांपैकीच कोणी तरी वर्गणी भरतो. म्हणून माझे असे मत झाले आहे की, मोफत घेणाऱ्याची खरी साक्ष हीच देणाऱ्याची मजुरी होय, आणि ती खोटी किंवा उतावीळपणे देणे म्हणजे मजुरी अडवून ठेवणे होय. अडविलेली मजुरी ओरडते आणि तो आक्रोश परमेश्वराच्या कानी पोहोचतो, असे संत याकोबने आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात बजावले आहे. शेतमालकांना दिलेला तो इशारा तारे वाटणाऱ्यांनाही लागू पडतो.

आठवी आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये म्हणून सांगते. १९९२ च्या ‘कॅटेकिझम’ ग्रंथात या आज्ञेखाली तीन निरनिराळे अपराध मोजले आहेत. पुरेशा आधाराविना शेजाऱ्याचा दोष खरा धरून चालणे, हा उतावीळ निवाडा. योग्य कारणाविना शेजाऱ्याचा खरा दोष इतरांपुढे उघडा करणे, ही निंदा. आणि असत्य बोलून त्याची अब्रू घेणे, हे कुभांड. प्लगिनच्या अभिप्रायांत कुभांड फार नसते. निंदेचा प्रश्नही तितकासा येत नाही, कारण वस्तूचा खरा दोष पुढच्या गिऱ्हाइकाला कळावा यासाठी योग्य कारण असतेच. असा अभिप्राय हा गुणच होय. तेथे राज्य चालते उतावीळ निवाड्याचे. ‘हा भाग विकत आहे, म्हणजे माणूस लुबाडू आहे’. ‘माझ्या यंत्रावर चालले नाही, म्हणजे कोणाच्याच चालत नाही’. ‘दोन दिवसांत उत्तर नाही, म्हणजे पळून गेला’. त्याच ग्रंथात पुढे खुशामतीलाही दोष दिला आहे. नातलगांकडून आणि मित्रमंडळींकडून गोळा केलेले पाच-पाच तारे त्या सदरात जातात. खोट्या अभिप्रायांचा सुळसुळाट एवढा वाढला की, भारतीय मानक ब्युरोला २०२२ साली ग्राहकांच्या अभिप्रायांसाठी ‘आय.एस. १९०००’ हे मानक काढावे लागले आणि अमेरिकेच्या व्यापार आयोगाला २०२४ साली खोट्या अभिप्रायांवर बंदीचा नियम करावा लागला. आठवी आज्ञा अशी सरकारी राजपत्रांतून परत येत आहे.

परवाना जे करू देतो ते सर्वच न्याय्य असते काय, हा प्रश्न २०२४ साली वर्डप्रेसच्या जगात फार तीव्रतेने उभा राहिला. ‘अ‍ॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स’ नावाचे एक प्रसिद्ध प्लगिन आहे. संकेतस्थळाच्या पानावर आपल्याला हव्या त्या माहितीचे रकाने त्याने तयार करता येतात. एलियट कॉन्डन या ऑस्ट्रेलियन आज्ञावलीकाराने ते २०११ साली लिहिले. मोफत भाग सूचीत, सशुल्क भाग बाहेर, अशी त्याची रीत. वीस लाखांहून अधिक संकेतस्थळांवर ते बसविले गेले. पुढे दोनदा हस्तांतर होऊन ते ‘डब्ल्यूपी इंजिन’ या कंपनीकडे आले. ही कंपनी वर्डप्रेसवर पुष्कळ कमावते, पण त्या मानाने समाईक कामात परत फार थोडे घालते, आणि नावाचाही गैरवापर करते, असा मुलेनवेगचा आरोप होता. कंपनीने तो नाकारला आणि ऑक्टोबर २०२४ च्या प्रारंभी न्यायालयात धाव घेतली. १२ ऑक्टोबर रोजी मुलेनवेगने, सुरक्षेतील दोष दूर करणे आणि व्यापारी जाहिरात काढून टाकणे ही कारणे देऊन, त्या प्लगिनच्या मोफत भागाची नवी शाखा ‘सिक्युअर कस्टम फील्ड्स’ या नावाने जाहीर केली.

शाखा काढणे परवान्याला पूर्ण धरून होते. वर्डप्रेस स्वतःच अशी शाखा नव्हे काय? परंतु ही शाखा सूचीत नव्या पानावर आली नाही. ती जुन्याच पानावर बसविली गेली. म्हणजे जुन्या मालकाने वर्षानुवर्षे मिळविलेले अभिप्राय, तारे आणि वीस लाखांची संख्या हे सर्व एका रात्रीत नव्या नावाखाली गेले. संहिता सर्वांची होती, हे मान्य. पण साक्ष? एका माणसाच्या कामाविषयी हजारो लोकांनी दिलेली साक्ष दुसऱ्याच्या दाराला लावण्याचा परवाना कोणी दिला होता? रागावलेल्या लोकांनी मग त्या पानावर एका ताऱ्याच्या अभिप्रायांची वृष्टी केली. त्यांतील पुष्कळांनी नवी शाखा वापरूनही पाहिली नसावी. अन्यायाला उत्तर म्हणून का होईना, तीही पुन्हा साक्षीचीच मोडतोड झाली. १० डिसेंबर २०२४ रोजी कॅलिफोर्नियातील न्यायालयाने अंतरिम आदेश दिला आणि काही दिवसांतच ते पान कंपनीकडे परत गेले. कंपनीने परत किती घालावे, या मुलेनवेगच्या प्रश्नाला मात्र या आदेशाने उत्तर मिळत नाही, आणि तो प्रश्न पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. मोफत गाईचे दूध विकून माडी बांधणाऱ्याने गोठ्याच्या शाकारणीला हात लावावा, ही अपेक्षा गैर कशी म्हणावी?

अभिप्रायातील कठोर शब्दांनी काय घडू शकते, याचे दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. ‘एक्सझेड युटिल्स’ ही फायली आकुंचित करणारी छोटीशी आज्ञावली बहुतेक सर्व लिनक्स संगणकांत असते. तिची देखभाल लासे कोलिन हा फिनलंडमधील गृहस्थ जवळजवळ एकट्याने, विनावेतन करीत होता. २०२२ साली काही अनोळखी नावांनी सार्वजनिक पत्रव्यवहारात त्याच्यावर टोमण्यांचा मारा सुरू झाला: काम फार सावकाश चालले आहे, तुम्हांला रस उरलेला नाही, दुसऱ्याच्या हाती सोपवा. आपल्याला मानसिक प्रकृतीच्या दीर्घ तक्रारी आहेत आणि हे काम बिनपगारी छंद म्हणून आपण करीत आहोत, असे त्याने नम्रपणे लिहिले. अखेर ‘जिया टॅन’ या नावाने आधीपासून मदत करणाऱ्या एका सहायकाकडे त्याने अधिकार सोपविले. त्याच सहायकाने २०२४ च्या प्रारंभी आज्ञावलीत चोरदरवाजा बसविला. आणि पूर्वीचे टोमणे हे त्याच कटाचा भाग असावेत, असा जाणकारांचा दाट संशय आहे. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला आपला संगणक दारात अर्धा सेकंद अधिक घुटमळतो असे जाणवले. तो खोलात शिरला आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने चोरदरवाजा जगापुढे उघड केला. तो उत्तम शुक्रवार होता. आम्ही त्या दिवशी ‘त्याला वधस्तंभावर खिळा’ म्हणणाऱ्या जमावाची कथा मंदिरांतून वाचीत होतो. जमावाच्या ओरडण्यापुढे थकलेला माणूस हात धुऊन मोकळा होतो की आपल्या हातातील किल्ली देऊन टाकतो, एवढाच प्रसंगाप्रसंगात फरक.

आता घरचे. आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने नोकरी सांभाळून, रात्री जागून, मराठी संकेतस्थळांसाठी एक प्लगिन तयार केले. त्या दिवसाच्या वाचनांचे संदर्भ, संताचा सण आणि उपासनेचा रंग ते पानावर दाखविते. पूर्ण वाचने तो देत नाही, कारण बायबलच्या अनुवादाचे हक्क ज्यांचे त्यांची परवानगी लागते. मुक्त परवान्याचा आग्रह धरणाऱ्याने दुसऱ्याचा हक्क जपावा, हे त्याला कोणी शिकवावे लागले नाही. मूळ प्लगिन मोफत आहे. मिस्साहेतूंची नोंद ठेवणारा आणि दाखल्यांचे अर्ज घेणारा वेगळा भाग वर्षाला ९०० रुपयांना मिळतो. पहिल्याच महिन्यात त्याला एक तारा पडला. खाली लिहिले होते: ‘चर्चच्या नावावर धंदा.’

लिहिणारे गृहस्थ आमच्याच गायकवृंदातले. रविवारी साक्रिस्तीत भेटले, तेव्हा स्वतःच विषय काढून म्हणाले, “फादर, देवाचं वचन विकायचं का आता?”

“वचन तर तो फुकटच देतो,” मी म्हणालो. “पैसे घेतो ते वही लिहिणाऱ्या कारकुनाचे. तुम्ही ते बसवून पाहिलंत का?”

“बसवायचं कशाला? किंमत लिहिलेली दिसलीच की.”

संत इग्नेशियसने ‘आध्यात्मिक साधने’च्या आरंभी, २२ व्या परिच्छेदात, एक गृहीत घालून दिले आहे. शेजाऱ्याच्या बोलण्याचा चांगला अर्थ लावण्याची तयारी आधी ठेवावी. तो लागत नसेल तर तुला काय म्हणायचे आहे असे त्यालाच विचारावे. आणि तो चुकत असेल तर प्रेमाने दुरुस्त करावे. मी त्यांना एवढेच सुचविले की, एक महिना ते वापरा, अडेल तेथे मुलाला विचारा आणि मग हवे तर एकच तारा ठेवा. त्यांनी मान हलविली. पण ती होकाराची होती असे मला आजही म्हणता येत नाही. तो तारा अद्याप तसाच आहे. तरुणाने तो काढावा म्हणून खटपट केली नाही. त्याखाली मोफत काय आणि सशुल्क काय हे दोन ओळींत लिहून ठेवले.

दुसरा अभिप्राय लिहिला आमच्या निवृत्त शाळामास्तरांनी, जे चाळीस वर्षे धर्मशिक्षणाचा वर्ग घेत आले. त्यांनी छापील उपासना दिनदर्शिका शेजारी ठेवून सलग सहा आठवडे प्रत्येक दिवस ताडून पाहिला. मग लिहिले की, सर्व संदर्भ बरोबर आहेत. आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी गुलाबी रंग हवा होता, तेथे जांभळा दिसला. जुन्या भ्रमणध्वनीवर ‘ख्रिस्त’ या शब्दातील जोडाक्षरे तुटतात. चूक कळविली तेव्हा तिसऱ्या दिवशी उत्तर आले. सशुल्क भाग आपण घेतलेला नाही, सबब त्याविषयी मत नाही. तारे तीन.

मुलाचे वडील जरा हिरमुसले. मुलगा मात्र तो कागद छापून घेऊन माझ्याकडे आला होता. आठवडाभरात त्याने रंग सुधारला, जोडाक्षरे सांधली. मास्तरांनी पुन्हा पाहिले आणि चौथा तारा जोडला. पाचवा ते देतील असे मला वाटत नाही. निबंधाला दहापैकी आठांवर गुण त्यांनी कधी कोणाला दिल्याचे त्यांच्या एकाही विद्यार्थ्याला आठवत नाही.